मेरेचा माणूस

कॉलेजातल्या जाड डिक्शनरीचा पुठ्ठा सुटला
म्हणून खानापूर स्टँडमागे
अल्लाबक्ष बाइंडरच्या पायरीवर बसले होते.
खळ शिजत होती. एक सुटं पान हाताला लागलं.

मिअर्समन.

शब्दाच्या डोक्याशी बारीक खंजीर छापलेला.
कोशात तो मेलेल्यांना देतात.
अर्थ असा, की गावाची हद्द
कुठून कुठे जाते हे ज्याला पाठ आहे तो.
नकाशावाले साहेब आले की त्याला पुढं घालायचं.
हा ओढा. हे झाड. आता इथनं वळा.
खाली वापराचं एकच वाक्य,
तेही निम्मं कसरीनं खाल्लेलं.

दुसऱ्या दिवशी बी.ए. दोनला फळ्यावर लिहिला.
ओमाण्णा म्हणाला, "मॅडम, मिअर म्हणजे नुसता.
नुसता माणूस."
वर्ग हसला. मीही हसले,
आणि मग खडू तसाच बोटांत राहिला.

मागच्या बाकावरनं गिरिजव्वा, कन्नड शाळेतनं आलेली,
"आमच्यात हद्दीला गडी म्हणतात."
"आणि आमच्यात गडी म्हणजे राबणारा," ओमाण्णा.
घंटा झाली.

मेर.
नाचणा संपतो तिथली हातभर गवताची पट्टी.
आई तिच्यावरचं गवत कापायची, भारा बांधायची.
मेर आमची नव्हती, दोन्हीकडची शेतंही नव्हती.
विलायतेतल्या त्या शब्दाचं हिच्याशी नातं आहे का,
ठाऊक नाही. कुणाला विचारलंही नाही.
काही नाती विचारायला गेलं की तुटतात.

माझा आजा भरमू तराळ.
दोन गावांत शिवेवरनं काठ्या निघाल्या
की त्याला हाळी यायची.
डोक्यावर ओल्या मातीचं ढेकूळ द्यायचे
आणि म्हणायचे, चाल.
तो चालेल ती शीव.
पाय खोटा पडला तर वंश बुडंल, असं आधीच सांगून.
दोन्हीकडचे पाटील मागनं, चपला घालून.

करंजाळच्या विहिरीत त्याचा पोहरा पडत नव्हता.
गाव कुठं संपतं ते त्याला विचारायचे,
गाव कुठं सुरू होतं ते त्याला सांगायचे.

शिवेच्या दगडादगडापाशी
तो माझ्या बापाचा कान पिळायचा, कळ येईस्तोवर.
दुखलेलं विसरत नाही म्हणे.
(तिकडंही पोरांना हद्दीच्या दगडावर आपटायचे,
असं मी पुढं कुठंतरी वाचलं,
आणि इतक्या लांबच्या पोरांचा मला लळा लागला.)
बापानं माझा कान एकदाच धरला,
वेताळाच्या दगडापाशी. डावा.
मुलीला कशाला दाखवतोस, आई म्हणाली होती.

आता तिवईवर यंत्र ठेवून उपग्रहाला विचारतात.
आणि ती मोठी हद्द, जिच्या तारखा पडतात,
जिच्यासाठी बोर्डावरच्या अक्षरांना
कधी हे काळं फासतात, कधी ते,
आणि त्या दिवशी आमची एस.टी. कोगनोळीवर अडते,
तिच्यासाठी आजाला कुणी हाळी दिली नाही.
दिली असती तर ढेकूळ घेऊन उभा राहिला असता,
आणि म्हणाला असता, मालक,
माझ्या पायाला ठाऊक आहे ते
जांभळीपासनं ओढ्याच्या वळणापातूर.
त्याच्या पुढचं पुढच्या तराळाला इचारा.

शनिवारी डिक्शनरी आणायला गेले.
नवा पुठ्ठा, लाल कापडी पाठ.
कडा सारख्या करताना अल्लाबक्षचा सुरा
जरा आत गेला होता,
त्या पानाची डावी बाजू छाटलेली.
शब्द शाबूत. खंजीर गेला.

"चूक झाली, बाई," म्हणाला,
आणि दहा रुपये कमी घेतले.